इमॅजिकाला नेऊ लेकीला

प्रिय सखे,

दिवाळीत तुम्ही न्यू जर्सीहून येताय, केवढा आनंद झाला! लेकीला मराठी सगळं कळतं पण उत्तर इंग्रजीतच देते, असं लिहिलंयस. अगं, सुट्टीत तिला वही घेऊन बसवू नकोस. आपण तिला खोपोलीजवळच्या इमॅजिका थीम पार्कला नेऊ.

हे अगदी मनापासून सांगतेय. घसरणं, आदळणं, गरगरणं, चिंब होणं हे सगळं खुर्चीत बसून कसं शिकवणार? आणि सर्रकन, गर्रकन, धप्पकन, छपाक... मराठीत केवढा खजिना आहे! तिथे राजासॉरस डायनासोरची होडी आहे. अंधारातून जाते आणि शेवटी खाली सुटते. तेव्हा तू नुसतं 'सर्रकन गेलो!' म्हण, 'छपाक' ती म्हणेल. हा राजासॉरस आपल्याच देशातला बरं का, त्याची हाडं गुजरातेत सापडली आणि २००३ मध्ये त्याचं नामकरण झालं. तिला डायनासोरचं वेड आहे ना, मग हे आधीच सांगून ठेव. प्रश्न विचारून भंडावेल, आणि तेच तर हवंय!

रांगेला कंटाळू नकोस, खऱ्या गप्पा तिथेच होतात. आता काय होईल, भिजलो तर काय करायचं, पुढचा दादा का ओरडतोय... नायट्रो या रोलर कोस्टरवर बसण्याएवढी तिची उंची नसेल, पण खालून बघू. त्या गाडीला तळच नाही, माणसांचे पाय अधांतरी लोंबकळतात. काय चाललंय ते तिला सांगू दे. 'गोइंग अप!' म्हणाली तर टोकू नकोस. 'हो, हळूहळू वर चढतेय' एवढंच म्हण. दुरुस्त केलं की मुलं गप्प बसतात गं.

आणि सर्वांत मोलाची गोष्ट घरी आल्यावरची. रॉबिन फिवुश आणि इलेन रीस या मानसशास्त्रज्ञांनी आईमुलांच्या आठवणींच्या गप्पांचा अभ्यास केलाय. जी आई खोदून खोदून, मोकळे प्रश्न विचारत आठवणी जागवते, तिची मुलं पुढे जास्त भरभरून सांगतात. असे प्रश्न तूही विचार. आणि आजी तर तिथे नसणार, तिला सगळं सांगावंच लागेल! म्हणून आजीला आधी फोटो पाठवू नकोस. फोटो दिसले की पोर नुसतं बोट दाखवेल. आधी फोन लाव, आजीला मनसोक्त विचारू दे, फोटो दुसऱ्या दिवशी.

तारखा लवकर कळव, तिकिटं मी काढते.

तुझीच,
मैत्रीण