माथेरानच्या गाडीतला इंग्रजीचा तास

बालमित्रांनो, माथेरानच्या मिनी ट्रेनमध्ये बसला आहात का कधी? मागच्या हिवाळ्यात मी आमच्या चौथीच्या वर्गाबरोबर जाऊन आले. गेलो होतो डोंगर बघायला, पण येताना एक धडा शिकून आलो. मुलांपेक्षा जास्त मीच शिकले म्हणा ना!

त्याचं असं झालं. सहलीच्या आदल्या आठवड्यात मी फळ्यावर 'लेट ऑफ स्टीम' हा इंग्रजी वाक्प्रचार लिहिला आणि अर्थ विचारला. एका मुलीनं झटकन हात वर केला. "बाई, तोंडाची वाफ दवडणे!" मला हसू आवरलं नाही. मी हसले, मग सगळा वर्गच हसला. त्या दिवसापासून इंग्रजीच्या तासाला तिचा हात काही वर झाला नाही.

नेरळला गाडीत बसलो. दोन रुळांत अंतर केवढं? अवघं दोन फूट! ही गाडी १९०७ साली सुरू झाली. सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा पुरवला आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी हा मार्ग बांधून घेतला. अंतर जेमतेम एकवीस किलोमीटर, पण नागमोडी चढण चढायला दोन तासांहून जास्त वेळ लागतो. वाटेत एका स्टेशनाचं नावच 'वॉटर पाइप'. "पाण्याचा पाइप!" मुलं ओरडली. शब्द असे पाटीवर भेटले की घोकावे लागत नाहीत.

आता इंजिन डिझेलचं आहे. पूर्वी मात्र वाफेचं इंजिन धापा टाकत हा घाट चढायचं. मी विचारलं, "बॉयलरमध्ये वाफ फार कोंडली तर?"

"फुटेल!"

"मग घरचा कुकर का फुटत नाही?"

"शिट्टी होते ना, बाई!"

बस्स! इंजिनालाही जादा वाफ सोडायला झडप असते. मनात कोंडलेला राग बोलून, नाहीतर खेळून बाहेर काढायचा, म्हणजे 'लेट ऑफ स्टीम'. आपली तोंडाची वाफ वेगळी. समोरचा ऐकतच नसला की ती फुकट जाते. वाफ दोन्हीकडे, अर्थ मात्र निराळे.

मग मी त्या मुलीकडे वळले. "तू निदान वाफेला वाफ जोडून पाहिलीस. त्या दिवशी मी हसायला नको होतं. चुकलं माझं." ती काही बोलली नाही, खिडकीबाहेर बघत राहिली.

पुढच्या वळणावर मी सांगितलं, की एखादा वाईट मार्गाला लागला तर इंग्रजीत त्याला 'ऑफ द रेल्स' गेला म्हणतात. तोच तिचा हात हळूच वर आला.

"बाई, आपण पण म्हणतो ना, गाडी रुळावर आली? मग आगगाडी यायच्या आधी लोक काय म्हणत असतील?"

आपल्याकडे पहिली प्रवासी आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला धावली. त्याआधी काय म्हणत, ते मलाही सांगता येईना! पण तिचा हात वर आला होता, आमची गाडी रुळावर आली होती.

तेव्हा मुलांनो, नवा वाक्प्रचार भेटला की नुसते शब्द उलथू नका. तो कुठे जन्मला ते विचारा. आणि कुणाचं उत्तर चुकलं तर हसू मात्र नका हं!