पाठीवरचा बंब

साकोलीकडून नागझिऱ्याला जाताना दोन्ही अंगांना भाताच्या बांध्या लागतात, मधूनच एखादी बोडी, म्हणजे लहानसं तळं. मग अचानक झाडं दाटतात. चहूकडून शेतीने वेढलेलं हे रान मला नेहमी बेटासारखं वाटतं. मार्च लागला की हे बेट वाळू लागतं. ऐन, धावडा, तेंदू पानं टाकतात, बांबूची पाती करकरीत होतात, आणि पायाखाली एवढा पाचोळा साठतो की मुंगूस गेलं तरी कोणी माणूस चालून गेल्याचा भास व्हावा.

ठिणगीला एवढं पुरतं.

ती पडते कशी? मोहफुलं पहाटे गळतात. पाचोळ्यातून एकेक फूल वेचताना कंबर मोडते, म्हणून झाडाखालची जागा पेटवून साफ केली जाते. तेंदूला कोवळी पालवी भरघोस फुटावी म्हणूनही कोणी काडी ओढतं. मोह वेचणाऱ्या बाईला गुन्हेगार म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तिच्या घरचं मीठमिरची त्याच टोपलीवर चालतं. पण तिने झाडापुरती लावलेली आग झाडापुरती राहत नाही.

शहरात आग लागली की लाल बंब घंटा वाजवत येतो. इथे त्याला रस्ताच नाही. इथलं अग्निशमन दल म्हणजे वनरक्षक आणि त्याच्याबरोबरचे हंगामी मजूर, फायर वॉचर. अंगात सुती कपडे, कारण नायलॉन वितळून कातडीला चिकटतं. हंगामाआधीच जाळरेषा काढून ठेवलेल्या असतात: रानाच्या कडेने आणि पोटातून गवत-पाचोळा साफ करून, जाळून केलेले पट्टे, म्हणजे पुढे येणाऱ्या आगीला खायला काही उरू नये. आता उपग्रह धगधगती जागा टिपतो आणि मोबाइलवर संदेश येतो. मात्र संदेश आल्यावर चालत तिथवर जायचं असतं ते माणसानेच.

पूर्वी हातात ओल्या फांद्यांचा झोडपा असायचा. अजूनही असतो. त्याच्या जोडीला आता ब्लोअर आला, पेट्रोलवर चालणारा, पाठीवर बांधायचा. हवेच्या झोताने तो पाचोळा बाजूला फेकतो, जमीन उघडी पडते आणि ज्योत तिथे अडते. हाच या रानाचा बंब. पेट्रोलची टाकी पाठीवर घेऊन आगीच्या दिशेने चालत जाण्यात केवढी छाती लागते, हे मी मनात पुन्हा पुन्हा घोळवत राहतो.

आगीच्या तोंडाशी जायचं नसतं. बगलेतून, शेपटाकडून तिला आवळत न्यायचं. चढावर ती माणसापेक्षा वेगाने धावते. रात्री हवा गार झाली की नरमते, म्हणून पुष्कळदा खरी लढाई अंधारातच होते. ज्योत विझल्यावरही आडव्या पडलेल्या ओंडक्याच्या पोटात निखारा दिवसचे दिवस जिवंत राहतो. तो फोडून, माती टाकून गाडावा लागतो. वाऱ्याची एक झुळूक आली की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

8 एप्रिल 2021 रोजी नागझिऱ्यात वाऱ्याने असाच घात केला. आग विझवायला गेलेले तीन वनमजूर त्या दिवशी होरपळून गेले, दोघे गंभीर भाजले. 2013 साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाल्यापासून लोक इथे वाघ पाहायला येतात, आणि यावेच. पण जिप्सीतून दिसणारं गवत, त्यात दबकलेलं पिल्लू, जमिनीवर घातलेली अंडी यांच्यासाठी आगीसमोर कोण उभं राहिलं, हे प्रवेशद्वारावर ठळक अक्षरांत लिहिलेलं मला वाचायचं आहे. त्या तिघांच्या नावांनिशी.

फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत आगीचा हा हंगाम चालतो. मग ब्लोअर कोठीत जातात, रोजी थांबते, आणि पहिला पाऊस झाला की हीच माणसं बांधीत पऱ्हे टाकायला उतरतात.