नाटक खाते

लाखांदूरचे आमचे दुकान आता पुतण्या चालवतो. गेल्या दिवाळीत माळा रिकामा करताना बाबूजींच्या काळच्या वह्या खाली आल्या, लाल खारव्याच्या बांधणीच्या, कडा कुरतडलेल्या. पुतण्याचा सगळा हिशेब संगणकात असतो. त्याच्या दृष्टीने ती रद्दीच होती. पण बँकेत पस्तीसहून अधिक वर्षे काढलेल्या माणसाचा हात जमाखर्चाच्या पानावर आपोआप थांबतो. मी ओट्यावर बसून वह्या चाळू लागलो. धान, कापड, गूळ, मीठ, उधारी, देवद्रव्य अशी नेहमीची खाती ओलांडल्यावर एका पानाच्या शिरोभागी बाबूजींच्या बारीक अक्षरात लिहिलेले दिसले : नाटक खाते.

आमच्या भागाबाहेरील वाचकांसाठी थोडा खुलासा करतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांतील धानाच्या आणि जंगलाच्या पट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात. दिवाळी झाली, धान घरात आले की भाऊबिजेपासून इथल्या गावोगावी मंडई भरते. लेकीबाळी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरे भरतात, दिवसा दंडार नाचते आणि रात्री नाटक होते. हा हंगाम थेट होळीपर्यंत चालतो. नाटक रात्री दहाच्या पुढे सुरू होते आणि कोंबडा आरवेपर्यंत संपत नाही. शेतात मांडव, प्रेक्षकांना बसायला उतरती खणलेली जमीन, रंगमंचापुढे ऑर्गन आणि तबला घेऊन बसलेले वादक, आणि मागे रंगवलेले पडदे : राजवाडा, अरण्य, रस्ता, गरिबाची झोपडी. आमच्या घरी सूर्यास्तापूर्वी जेवण उरकत असल्याने नाटकाला सर्वांत आधी पोहोचणारे कुटुंब बहुधा आमचेच असे. आई घोंगडी अंथरून पुढची जागा धरायची.

गावचे मंडळ नाटक कंपनीशी ठराव करते, तिकिटे विकते आणि तोटा आला तर तोही सोसते. या कंपन्यांचे माहेरघर म्हणजे आमच्या जवळचे वडसा. सरकारी अनुदानाच्या आधाराने हे उभे राहिलेले नाही. खरे भांडवल म्हणजे तिकीट काढणारा शेतकरी, आणि त्याच्या मागे, तिकिटे विकली जाण्याआधी लागणारी रोकड देणारा गावातला दुकानदार. या दुसऱ्या माणसाविषयी कुठे लिहिले जात नाही. त्याने स्वतःही कधी सांगितले नाही.

बाबूजींच्या नाटक खात्यात दर वर्षीची वर्गणी होती, ५१ रुपये, पुढे १०१. मंडळाला दिलेली उचल होती आणि होळीनंतर ती परत आल्याची नोंद होती. एक गोष्ट मात्र कुठेच नव्हती : पटाची वर्गणी. शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. अनेक गावांत पट आणि नाटक एकाच सोहळ्याची दोन अंगे असत. दिवसा पट पाहायला जमलेली गर्दीच रात्री नाटकाला थांबे. मंडळाची मंडळी पावतीपुस्तके घेऊन आली की बाबूजी नाटकाची पावती घेत आणि पटाची परत करत. “बैलाच्या पाठीवर पडणाऱ्या पराणीला माझा पैसा नको,” एवढेच म्हणत. मंडळींना ते ठाऊक होते, कोणी वाईट वाटून घेत नसे. पुढे कॉलेजात गेल्यावर मी एकदा त्यांना चिडवले होते, “पण बाबूजी, गर्दी तर बैलांमुळेच जमते. मग नाटकाच्या तिकिटातही पराणी आलीच की.” ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “हा हिशेब माझ्याकडून जुळत नाही. तुला जुळला तर सांग.”

मला तो आजही जुळलेला नाही. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलांच्या शर्यती थांबल्या, तेव्हा मला मनापासून बरे वाटले. त्यानंतरच्या हिवाळ्यांत मात्र ओळखीच्या मंडळांचे हिशेब पाहताना दिसू लागले की जिथे पट बंद झाला, तिथे नाटकाची तिकिटेही खपत नव्हती. १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने महाराष्ट्रात शर्यतींना अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्यांचे कायदे वैध ठरवले. मंडळांचे हिशेब सुधारले. माझे मन मात्र पावतीपुस्तक परत करणाऱ्या बाबूजींपाशीच आहे.

वहीचे पान उलटले आणि १९८७ साल आले. तिथे एका पेंटरच्या नावे २,००० रुपये नावे टाकलेले होते. तपशील : पडदे.

हा पेंटर मी ओळखत होतो. दुकानांच्या पाट्या रंगवणारा, गणपतीत मखर करणारा आणि हंगामात नाटकाचे पडदे चितारणारा सडपातळ माणूस. त्या वर्षी मी लाखांदूरपासून थोड्या अंतरावरच्या एका शाखेत नवा अधिकारी होतो. तो माझ्याकडे कर्ज मागायला आला होता. जुने पडदे विटले होते. नवे कापड, रंग आणि एका मदतनिसाची मजुरी यासाठी त्याला पैसे हवे होते. पडदे तयार झाले की कंपन्यांना हंगामभर भाड्याने द्यायचे, असा त्याचा विचार होता. आज मी त्याला चांगली व्यवसाय योजना म्हणेन. तेव्हा मी त्याला तारण विचारले. तो म्हणाला, “साहेब, पडदेच तारण ठेवा ना जी. आमच्याजवळ दुसरं काय हाय?”

मी हसलो. हसायला नको होते. रंगवलेल्या कापडाला बाजारभाव नसतो, ते जप्त करून विकता येत नाही, असे मी त्याला समजावले आणि अर्ज वरिष्ठांकडे न पाठवताच परत केला. नियमाने माझे चुकले नव्हते. तो उठला, “बरं, साहेब” म्हणाला आणि निघून गेला. पुढे मी त्याला विसरलोही.

तो त्यानंतर बाबूजींकडे गेला असणार. वहीत दोन हंगामांच्या वसुलीच्या नोंदी होत्या, कधी ५० रुपये, कधी १५०, एकदा ३०० आणि त्याखाली ‘लाखांदूर मंडई’. शेवटी ‘चुकते’ हा शब्द आणि त्यापुढे व्याजाचा रकाना कोरा. दुकानाच्या इतर कुठल्याही उधारीत तो रकाना कोरा नव्हता, हे मी मुद्दाम तपासले. बाबूजींनी मला याबद्दल कधीच विचारले नाही, सांगितले नाही. मुलाने नाकारलेला माणूस आपल्या गादीवर आला आहे, हे त्यांना ठाऊक असणारच. पेंटर लपवणाऱ्यांतला नव्हता. दुकानातून उठून मी मागच्या अंगणात जाऊन थोडा वेळ बसलो.

पेंटर आता नाही. पाट्यांचे काम फ्लेक्सने आधीच घेतले होते. पडदे मात्र झाडीपट्टीत अजून रंगवलेलेच लागतात.

या कलेला मान मिळू लागला आहे, हेही सांगितले पाहिजे. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचा आणि इथल्या लोकरंगभूमीचा अभ्यास नेटाने केला. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. राज्य शासन ज्येष्ठ कलावंतांना आता दरमहा ५,००० रुपये मानधन देते. त्यासाठी पन्नाशी गाठावी लागते. जीएसटीमध्ये नाटकाच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला करमाफी आहे. मोठ्या कंपन्यांना सामाजिक उत्तरदायित्वाचा निधी पारंपरिक कलांवर खर्च करण्याची मुभा २०१३ च्या कंपनी कायद्यानेच दिली आहे. पण कर्ज मागायला आलेला पस्तीस वर्षांचा पेंटर यांतल्या कुठल्याच रकान्यात बसत नाही.

दोन वर्षांपूर्वी मुलीकडे फिलाडेल्फियाला गेलो होतो. तिथे चार-चार मजली इमारतींच्या भिंतींवर चित्रे आहेत. इमारत बांधताना खर्चाचा एक टक्का कलेसाठी ठेवण्याची पद्धत त्या शहराने १९५९ मध्येच सुरू केली. भिंतीचित्रांचा उपक्रम १९८४ मधला. भिंती विद्रूप करणाऱ्या मुलांच्याच हाती ब्रश द्यावा, या विचारातून निघालेला. आज त्या चित्रांची संख्या चार हजारांवर गेली आहे. संख्येचे मला फारसे अप्रूप वाटले नाही. मुलगी म्हणाली की चित्र काढण्याआधी त्या मोहल्ल्यातल्या लोकांना बोलावून, तुमच्या भिंतीवर काय हवे, असे विचारतात. ते मात्र लक्षात राहिले.

कारण परत आल्यावर आमच्याच जिल्ह्यातील एका गावात भिंत रंगवण्याचे काम चाललेले पाहिले. अलीकडे स्वच्छतेच्या स्पर्धांमुळे ठिकठिकाणी भिंती रंगतात, ही चांगलीच गोष्ट आहे. गेरूच्या रंगावर पांढरी त्रिकोणी माणसे फेर धरून नाचत होती, म्हणजे वारली चित्र. वारली कला थोर आहे, पण तिचे घर पालघरकडे, इथून राज्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला. शिडीवरच्या पोराला मी विचारले, हे चित्र कोणी ठरवले? तो म्हणाला, “ठेकेदारानं मोबाइलवर फोटो पाठवला, काका. फुटाच्या भावानं पैसे हायत.” दंडार काढता येईल का, असे विचारल्यावर तो खाली उतरला. “काढता काऊन नाही येणार? म्या सोताच नाचतो ना दंडारीत. लुगडं नेसतो.”

माळ्यावरच्या वह्यांनंतर मला त्या मुलाची आठवण झाली. आमच्या दुकानाची बाजूची भिंत रस्त्याकडे तोंड करून आहे, तीसेक फूट लांब. तिच्यावर आजवर सिमेंट आणि बियाणांच्या जाहिराती होत्या आणि त्यांचे थोडेफार भाडेही येई. पुतण्याने आधी विरोध केला, आणि त्याचे चूक होते असे मी म्हणणार नाही. भाडे बुडणार, वर रंगाचा खर्च. “काका, निदान खाली दुकानाचे नाव तरी मोठे टाकू,” तो म्हणाला. शेवटी नाव टाकायचे ठरले, पण कोपऱ्यात. आपल्या समाजात फरशीवर, पंख्यावर, बाकावर दात्याचे नाव घालण्याची जी हौस आहे, तिच्यापुढे ही मोठीच काटकसर म्हणायची.

मुलगा एका रविवारी आला, भिंत मोजली, आगाऊ रक्कम मागितली. मी फुटाचा भाव न ठरवता कामाचा ठरवला. रात्री पुतण्याने संगणकावरून विचारले, “हे कोणत्या खात्यात टाकू? जाहिरात की दान?” दोन्ही चालले असते, करसल्लागार जाहिरातच म्हणाला असता. मी त्याला वही उघडून ते पान दाखवले. त्याने नवे खाते उघडून नाव टाइप केले.

चित्र अजून पुरे झालेले नाही. अर्धी रांग उभी राहिली, तेव्हा गावातले दोन म्हातारे दंडारवाले काठ्या टेकत पाहायला आले आणि म्हणाले, नाचणाऱ्याचा पाय असा पडत नाही. एकाने काठी बाजूला ठेवून रस्त्यातच दोन पावले टाकून दाखवली. मुलाने मान डोलावली, ओल्या फडक्याने तो पाय पुसला आणि पुन्हा शिडीवर चढला.