पंप गप्प का बसतो?

जुनी पेट्रोल गाडी रस्त्यात बंद पडली की पहिला आळ फ्युएल पंपावर येतो. पंप बदलला की झालं, असं मालकालाही वाटतं आणि घाईतल्या मिस्त्रीलाही. साताऱ्यात गॅरेज चालवताना असे कितीतरी धडधाकट पंप भंगारात गेलेले मी पाहिले आहेत. दर वेळी जीव हळहळतो, कारण तेवढ्या पैशांत एखाद्या घराचा महिन्याचा किराणा येतो.

कार्ब्युरेटरच्या काळात हे काम सोपं होतं. पद्मिनीचा पंप इंजिनालाच बसवलेला असे, दाबही अगदी कमी. नळी काढून सेल्फ मारला की पेट्रोल चढतंय की नाही ते डोळ्यांना दिसायचं. 1998 साली सॅन्ट्रो मल्टिपॉइंट इंजेक्शन घेऊन आली, 2000 च्या सुमारास मारुती 800 लाही ते मिळालं. पंप टँकमध्ये गेला आणि विजेवर चालू लागला. आता दाब तीन बारच्या आसपास लागतो, आणि पंपाने केव्हा चालायचं ते ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठरवतो.

खरी गोम इथेच आहे. चावी फिरवली की ईसीयू पंपाला दोन-तीन सेकंद चालवतो. मागच्या सीटखालून तेवढा वेळ बारीक घरघर ऐकू येते. त्यानंतर इंजिन फिरत असल्याचा सिग्नल क्रँक सेन्सरकडून आला, तरच पंप पुढे चालू राहतो. अपघातात इंजिन थांबलं आणि नळी फुटली, तर पेट्रोल सांडत राहू नये म्हणून ही सोय. पण तिचा दुसरा अर्थ असा की, सेन्सर गेला की निरोगी पंपही गप्प बसतो.

गेल्या उन्हाळ्यात एका निवृत्त शिक्षकांची जुनी हॅचबॅक टोचन लावून आली. खंबाटकी चढताना बंद पडायची, अर्धा तास थांबलं की सुरू व्हायची. पंप आधीच दुसरीकडे बदललेला होता.

“गुरुजी, बंद पडायच्या आधी धक्के देते का?”

“नाही हो. चालता चालता एकदम बंद.”

मला या उत्तराचा फार उपयोग झाला. पंप थकला असेल तर गाडी आधी सूचना देते. चढावर पिकअप जातो, मिसिंग होतं, सपाटीला आल्यावर पुन्हा नीट पळते. एकदम बंद पडणं हे बहुधा विजेचं दुखणं असतं. इंजिन तापवून बंद पडू दिलं आणि सेल्फ मारला. स्पार्क नाही, इंजेक्टरला पल्सही नाही. नुसता पंप गेला असता तर स्पार्क तरी आला असता. फ्यूज आणि मेन रिले ठीक होते. थंड असताना क्रँक सेन्सरच्या दोन वायरींमध्ये काहीशे ओहमचा रोध दाखवणारा मल्टिमीटर आता सर्किट तुटल्याचं सांगत होता. सेन्सरच्या आतली केसासारखी तार तापली की सुटायची आणि निवली की पुन्हा टेकायची.

पंप खराब होतच नाही, असं अजिबात नाही. टँकमधलं पेट्रोलच पंपाला गार ठेवतं. काटा सतत तळाशी ठेवून गाडी चालवणारे त्याचं आयुष्य कमी करतात. पण पंप काढण्यापूर्वी मी दोन गोष्टी पाहतोच. गेज लावून चालत्या इंजिनाचा दाब घेतो, आणि पंप चालू असताना त्याच्या कनेक्टरवर व्होल्टेज मोजतो. कनेक्टर सोडवून मोजलं तर बारा व्होल्ट दिसतील, पण भार येताच ते नऊ-दहावर घसरतात. कोकणातल्या गाड्यांत हे हमखास सापडतं, कारण अर्थच्या टोकाला हिरवा गंज चढलेला असतो. तिथे नवा पंप घातला तरी तोही रडतच चालणार. टोक घासून घट्ट करायला फारसा खर्च येत नाही.

चेक इंजिनचा दिवा आणि स्कॅनरही असेच फसवतात. मिश्रणात पेट्रोल कमी, असा ऑक्सिजन सेन्सरचा कोड आला की लोक सेन्सरच बदलतात. पण सेन्सरने जे पाहिलं तेच सांगितलेलं असतं. पेट्रोल कमी का पडतंय याचं उत्तर मरगळलेल्या पंपात, चोंदलेल्या फिल्टरमध्ये किंवा व्हॅक्यूमच्या तडकलेल्या नळीत असू शकतं. उलट काही सेन्सर चुकीचं सांगतात आणि कोडही येत नाही. कूलंटचा तापमान सेन्सर म्हातारा झाला की इंजिन तापलेलं असतानाही ते थंड असल्याचं कळवतो. ईसीयू बिचारा जास्त पेट्रोल देत राहतो. अॅव्हरेज पडतं, प्लग काळे होतात, दिवा मात्र लागत नाही. असा सेन्सर काढून मी पातेल्यातल्या पाण्यात थर्मामीटरसोबत धरतो आणि पाणी तापवत जातो. बऱ्याच गाड्यांत वीस अंशांना दोन-अडीच हजार ओहम भरतात, ऐंशीला तीनशेच्या जवळ. आकडा कुठे अडतो किंवा उडी मारतो ते लगेच कळतं. मला ही तपासणी फार आवडते. नव्या पोरांना मी हीच आधी शिकवतो.

मालकांना एक विनंती आहे. गाडी आणताना “पंप बदला” असं सांगू नका. थंड असताना बंद पडते की तापल्यावर, धक्के देत की एकदम, टँकमध्ये पेट्रोल किती होतं, आरपीएमचा काटा असेल तर सेल्फ मारताना तो हलतो का, एवढं सांगा. आणि कुणी पंप बदलायला निघालंच, तर दाब किती आला ते आधी विचारा.