पावती घेतली का?

शिळफाटा म्हटले की लोकांना ठाण्याकडचा, मुंब्र्याजवळचा फाटा आठवतो. आमचा शिळफाटा खोपोलीचा, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचा. येथे संगणकाचा सुटा भाग हवा असला की पूर्वी खोपोलीहून लोकल धरायची, दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचे आणि लॅमिंग्टन रोडची दुकाने हिंडायची. एक रजा त्यात जायची. आता मोबाईलवर बोट फिरवले की वस्तू दारात येते. सोय चांगलीच आहे. पण तिच्यात आम्ही कसे फसलो, ते आज सांगायचे आहे.

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, पेशाने कारकून. दिवसभर बिले तपासतो. सुट्टीच्या दिवशी वस्तीत बसून लोकांचे अर्ज लिहितो आणि प्रत्येकाला पहिला प्रश्न विचारतो, "पावती घेतली का?" गेल्या वर्षी ती पावती आम्हीच घेतली नाही.

मुलगी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. तिच्या जुन्या संगणकात जागा उरली नव्हती, म्हणून बाहेरून जोडायची एक टेराबाईटची एसएसडी ऑनलाईन पाहिली. किंमत इतरांच्या निम्म्याहून कमी. ऑर्डर टाकली आणि तासाभरात विक्रेत्याचा फोन आला. "साहेब, ती ऑर्डर रद्द करा. पैसे थेट आम्हाला पाठवा, तीनशे रुपये कमी करतो." आम्ही पाठवले. तीनशे रुपये वाचवल्याचे घरी ऐटीत सांगितलेसुद्धा.

वस्तू आली. संगणकाने एक टेराबाईट दाखवले. मुलीने प्रकल्पाचे दोन महिन्यांचे काम, घरचे फोटो, सारे त्यात भरले आणि संगणकातले पुसले. आठवड्याने फायली उघडेनात. नावे दिसत होती, आत काही नव्हते.

दुरुस्ती जाणणाऱ्या एका मुलाने डबी उघडून दाखवली. आत नखाएवढे, ६४ जीबीचे मेमरी कार्ड! संगणकाला खोटा आकडा दाखवण्याची सोय तिच्यात केलेली. खरी जागा भरली की पुढचे काहीच टिकत नाही. विक्रेता म्हणाला, "डबी फोडलीत, आता परत घेणार नाही." नंतर त्याचा फोन बंद.

मुलीने रात्री जागून काम पुन्हा उभे केले. आम्हाला ती एक शब्द बोलली नाही. आम्हीही ही गोष्ट बाहेर कोणाला सांगितली नाही. अर्ज लिहिणारा माणूसच फसला हे कळले तर लोक काय म्हणतील, ही लाज.

तीन महिन्यांनी कारखान्यात काम करणारे एक शेजारी आले. मुलासाठी त्यांनी 'नवी' म्हणून हार्ड डिस्क मागवली होती. क्रिस्टल डिस्क इन्फो या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमने तपासली, तर ती हजारो तास चाललेली निघाली. त्यांच्याजवळ मात्र बिल होते. आम्ही अर्ज लिहिला. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे अशा कंपनीला तक्रार अधिकारी नेमावाच लागतो; त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत तक्रार सोडवायची असते. महिना भरण्याआधी त्यांचे पैसे परत आले.

त्या दिवशी आम्ही त्यांना आमची गोष्ट सांगितली. ते हसले नाहीत. एवढेच म्हणाले, "भाऊ, हे तेव्हाच सांगितले असते, तर मी डिस्क मागवण्याआधी तुम्हाला विचारले नसते का?"

ते वाक्य अजून बोचते. आमच्या फसण्यात आमचेच नुकसान होते. गप्प बसण्यात शेजाऱ्याचे झाले.

म्हणून वाचकहो, आता आम्ही सर्वांना सांगतो. विक्रेता बाहेरून पैसे मागू लागला की व्यवहार तेथेच थांबवा. बिल आणि त्यावरचा जीएसटी क्रमांक पाहा. तो कोणाच्या नावे आहे ते सरकारी संकेतस्थळावर कळते. पार्सल उघडताना मोबाईलवर चित्रण करा. साठवणुकीची वस्तू पूर्ण भरून, फायली उघडून पाहिल्याशिवाय जुन्या जागचे पुसू नका. 'घरबसल्या संगणक दुरुस्त करतो' म्हणून कोणी पडदा पाहण्याचे ॲप टाकायला सांगितले, तर टाकू नका. बँकेचे खाते त्याच वाटेने रिकामे होते.

तरीही फसलात, तर पैसे गेल्याबरोबर १९३० वर कळवा. मालाच्या तक्रारीसाठी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन आहे. तेथे भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, आपला अलिबागला. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते; विक्रेता दिल्लीचा असला तरी दिल्लीला जावे लागत नाही. मुदत दोन वर्षांची. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही.

आमचे पैसे गेले ते गेलेच. पण आता अर्जासाठी कोणी आला की पावतीचे विचारण्याआधी आम्ही मेजावरची ती फोडलेली डबी त्याच्या हातात देतो.