नवापूरची डाळ आणि विलायतेचे थर

सुरतेहून भुसावळकडे जाणारी आगगाडी व्यारा व उकाई-सोनगड हीं स्थानकें मागें टाकून पूर्वेकडे निघाली, म्हणजे दोहों बाजूंस टेकड्या व सागाचीं झाडें दिसूं लागतात आणि थोड्याच वेळांत नवापूर येतें. हें स्थानक एका गोष्टीसाठीं सर्वत्र प्रसिद्ध आहे. महाराष्ट्र व गुजराथ ह्या दोन राज्यांची सीमा त्याच्या फलाटावरूनच जाते. सुमारें ८०० मीटर लांबीपैकीं ३०० मीटर इकडे, ५०० मीटर तिकडे. तिकिटाची खिडकी महाराष्ट्रांत, तर स्टेशनमास्तरांची कचेरी गुजराथेंत. एका बांकावर मधोमध रेघ ओढून दोन राज्यांचीं नांवें घातलेलीं आहेत, त्यामुळें पति-पत्नी शेजारीं बसलीं तरी दोघांचें राज्य निराळें! गाड्यांच्या सूचना मराठी, गुजराथी, हिंदी व इंग्रजी अशा चार भाषांत दिल्या जातात. १ मे १९६० रोजीं मुंबई राज्याचीं दोन राज्यें झालीं, तेव्हांपासून ही रेषा राज्यसीमा ठरली. पुढें १९९८ सालीं जुन्या धुळें जिल्ह्यांतून नंदुरबार जिल्हा निघाला व नवापूर त्यांत आलें. पलीकडेहि २००७ सालीं सुरत जिल्ह्यांतून तापी जिल्हा निर्माण झाला.

रंगावली नदीच्या कांठीं वसलेल्या ह्या गांवीं मी शिक्षकाच्या नोकरीनिमित्त आलों आणि सेवानिवृत्तीनंतरहि येथेंच राहिलों. इतक्या वर्षांच्या वास्तव्यांत एक गोष्ट ध्यानांत आली आहे. नकाशावरची रेषा कचेऱ्यांना कळते, चुलीला कळत नाहीं. येथल्या बाजारांत मावची, कोकणी, अहिराणी, गुजराथी व मराठी ह्या बोली एकाच रांगेंत ऐकूं येतात. कणकेची पोळी लाटून तिचे शंकरपाळ्यांसारखे तुकडे करावे व ते उकळत्या वरणांत सोडून शिजवावे, ह्या पदार्थास आमच्या घरीं वरणफळें म्हणतात, शेजारीं चकोल्या म्हणतात, आणि भिंतीपलीकडच्या गुजराथी कुटुंबांत दाळढोकळी. त्यांच्यांत गूळ व शेंगदाणे सढळ हातानें पडतात, आमच्यांत गोडा मसाला पडतो. भेद काय तो एवढाच.

ह्या सर्वांच्या मुळाशीं आहे ती येथली तूर. मृगाच्या पावसावर आदिवासी शेतकरी ती इतर पिकांच्या जोडीला पेरतात व थंडीच्या दिवसांत काढतात. 'नवापूर तूरडाळ' ह्या नांवानें तिला २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. म्हणजे दार्जिलिंगचा चहा म्हणतांना जसें त्या भूमीचें नांव मालाशीं कायद्यानें बांधलेलें असतें, तसें नवापूरचें नांव आतां ह्या डाळीशीं बांधलें गेलें आहे. फोडणीवांचून नुसतें साधें वरण केलें तरी तिचा स्वाद जिभेवर राहतो. ह्याच डाळीनें आमच्या घरांतील एक गुंता कसा सोडविला, तें आज वाचकांस सांगावयाचें आहे.

आमचें कुटुंब एकत्र आहे. लहानमोठीं मिळून चौदा माणसें. स्वयंपाकघराची सत्ता माझ्या थोरल्या वहिनींकडे. त्यांचें वय आज ८२. कांदा-लसूण त्यांनीं कित्येक वर्षांपूर्वीं वर्ज्य केला, आणि अंड्याचा प्रवेश ह्या घरांत कधींच झाला नाहीं. माझा धाकटा चिरंजीव इंग्लंडांत लेस्टर येथें नोकरीस आहे. गेल्या श्रावणांत तो, सूनबाई व नऊ वर्षांची नात महिनाभर घरीं आलीं. नातीला मराठी समजतें, पण बोलतांना ती अडखळते. पंक्तीस बसली, कीं वरणभात नुसता चिवडी. मग तिच्यापुढें पाव-लोण्याची निराळी बशी येई. आठ दिवस असें चाललें. पुढें तिची आई तिला आमच्या आधींच, दुसऱ्या खोलींत जेवूं घालूं लागली.

उपाशी कोणीच राहत नव्हतें, तरी वहिनींच्या मनाला तें लागलें. त्या म्हणत, एका घरांत दोन पंक्ती झाल्या, कीं तिसरी व्हावयास वेळ लागत नाहीं. हें बोलणें मला जुन्या वळणाचें म्हणून सोडून देतां आलें नाहीं. घरें वांटलीं जातात तीं आधीं चुलीपाशीं, कागदावर मागाहून, हें मीं ह्याच गांवांत अनेक कुटुंबांत पाहिलें आहे. शिवाय ही मुलगी दोन-तीन वर्षांनीं एकदां येणार. तिच्या आठवणींत हें घर बंद खोलींतल्या बशीएवढेंच राहावें काय?

एके सकाळीं वहिनींनीं तिला जवळ बोलावून विचारलें, "बाळ, तिकडे तुला सगळ्यांत काय आवडतें ग?"

"लझान्या, मोठी आजी," ती तत्काळ म्हणाली.

सूनबाई संकोचल्या. म्हणाल्या, "त्यांत मांसाचा खिमा असतो, काकू."

वहिनी क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "तो काढला तर उरतें काय?"

"पोळीच्या पट्ट्या, टोमॅटो, दूध आणि चीज."

"मग खिम्याच्या जागीं डाळ घाल. आपली डाळ काय कमी आहे?"

येथें माझ्यांतला मास्तर जागा झाला, आणि ह्या पदार्थाचें कूळ शोधण्याचें काम मीं अंगावर घेतलें. लझान्या हा मूळचा इटलीचा. शब्दाची व्युत्पत्ति दोन प्रकारें लावतात. कोणी तो 'लागानोन्' ह्या ग्रीक शब्दाशीं जोडतात. त्याचा अर्थ पिठाची पातळ पोळी. कोणी 'लासानोन्' ह्या शब्दाशीं जोडतात, त्याचा अर्थ भांडें ठेवण्याची तिवई. पोळी खरी कीं भांडें खरें, हा वाद पंडितांनीं चालवावा. आमच्या खानदेशांत मातीचें खापर चुलीवर उपडें घालून त्यावर पुरणाचे मांडे भाजतात, तेथें पोळी व भांडें हीं एकमेकांवांचून राहूंच शकत नाहींत. बाराव्या शतकांत कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्यानें रचिलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथांत 'मंडक' व 'पोलिका' हीं नांवें आलेलीं आहेत. पीठ भिजवून तें पातळ करण्याची कला आपल्याकडेहि कालची नव्हे.

इंग्लंडची कथा अधिक मौजेची आहे. राजा दुसरा रिचर्ड ह्याच्या आचाऱ्यांनीं सुमारें १३९० सालीं संकलित केलेल्या 'फॉर्म ऑफ क्युरी' ह्या पाकग्रंथांत 'लोझिन्स' नांवाचा पदार्थ आहे. पिठाच्या पातळ पापुद्र्या वाळवाव्या, रश्शांत शिजवाव्या आणि किसलेलें चीज व मसाल्याची पूड घालून त्यांचे थर रचावे, अशी त्याची कृति. एवढ्यावरून २००३ सालीं कांहीं इंग्रजांनीं लझान्या मूळचा आमचाच, असा दावा मांडला होता! परंतु चौदाव्या शतकाच्या आरंभीं इटलींत सिद्ध झालेल्या 'लिबेर दे कोक्विना' ह्या लॅटिन ग्रंथांतहि थरांचा हा पदार्थ आहेच.

आज इंग्लंडांत घरोघर होतो तो लझान्या इटलीहून निराळा पडतो. बोलोन्या शहराकडे अंडें व पालक घालून केलेल्या हिरव्या पट्ट्या असतात. नेपल्सकडे रिकोटा व मोत्झारेल्ला घालतात. इंग्रज गृहिणी दुकानांतून वाळलेल्या पट्ट्या आणते, टोमॅटोंत शिजविलेला खिमा व पांढरा रस्सा सढळ हातानें घालते, वरून चेडर चीज किसते आणि सोबत बटाट्याचे तळलेले काप वाढते. विचार करतां दिसेल, कीं पोळी इटलीची, पांढरा रस्सा फ्रेंच पद्धतीचा, टोमॅटो सोळाव्या शतकांत अमेरिकेंतून युरोपांत आलेला. इंग्रजांचें स्वतःचें तें सोमरसेट प्रांतांतील चेडर गांवाचें चीज. एवढ्या भांडवलावर त्यांनीं हा पदार्थ आपला केला. तिकडील शाकाहारी लोक खिम्याऐवजीं मसूर घालतातच. मग नवापूरकरांनीं तूर घातली तर बिघडलें कोठें?

अडचण होती ती चीजची. परंपरेनें चीज करतांना दूध गोठविण्यासाठीं वासराच्या पोटांतील द्रव्य घालीत असत. इटलीच्या पार्मिजानो-रेज्जानो चीजला तें आजहि नियमानेंच लागतें, म्हणून शाकाहारी घरास तें वर्ज्य. आपल्याकडे सूक्ष्मजंतूंपासून तयार केलेलें विरजण घालून चीज करतात. घेतांना पाकिटावरील हिरवा ठिपका पाहावा, म्हणजे शंका उरत नाहीं. वहिनींनीं तो ठिपका चष्मा लावून स्वतः पाहिला, तेव्हांच पाकीट स्वयंपाकघरांत गेलें.

आतां कृति. आठ माणसांस पुरेल असें प्रमाण देतों.

पट्ट्यांसाठीं २०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम बारीक रवा, मीठ व एक चमचा तेल घ्यावें. सुमारें १५० मिलिलिटर पाण्यांत घट्ट भिजवून अर्धा तास झांकून ठेवावें. अंड्याचें काम येथें रवा करतो. त्यानें पट्टी शिजल्यावरहि अंग धरून राहते. फुलक्याहून पातळ लाटून भांड्याच्या मापानें पट्ट्या कापाव्या, खारट उकळत्या पाण्यांत दोन मिनिटें सोडाव्या, लगेच गार पाण्यांतून काढून ओल्या फडक्यावर पसराव्या.

डाळ २०० ग्रॅम घेऊन तासभर भिजवावी आणि हळद घालून उघड्या पातेल्यांत शिजवावी. दाणा बोटानें दाबला तर चेपावा, पण आपण होऊन फुटूं नये. येथें कुकर कामाचा नाहीं. डाळीचें वरण झालें तर थर वाहून जातात. तेलांत हिंग, किसलेलें आलें व बारीक चिरलेलें गाजर परतून पाऊण किलो टोमॅटोंचा गर घालावा. तेल सुटेपर्यंत आटवावा, मग निथळलेली डाळ, मीठ व मिरपूड घालावी. पळी फिरविली असतां तिची वाट क्षणभर तशीच दिसावी, इतकें मिश्रण घट्ट असावें.

पांढऱ्या रश्शासाठीं ५० ग्रॅम लोण्यांत ५० ग्रॅम मैदा मंद आंचेवर दोन-तीन मिनिटें परतावा. रंग बदलूं देऊं नये. ६०० मिलिलिटर कोमट दूध थोडें थोडें ओतीत एकसारखें ढवळावें. घट्ट झाल्यावर मीठ व जायफळाची चिमूट घालावी. जायफळ ऐकून वहिनी प्रसन्न झाल्या. "म्हणजे बासुंदीचीच बहीण ही," त्या म्हणाल्या.

भांड्याच्या तळाशीं थोडा टोमॅटोचा रस, त्यावर पट्टी, पट्टीवर डाळ, डाळीवर पांढरा रस्सा, असे तीन थर रचावे. शेवटीं पट्टी, उरलेला पांढरा रस्सा व १५० ग्रॅम किसलेलें चीज. भट्टी १८० अंशांवर तापवून ३५ ते ४० मिनिटें भाजावें. आमच्याकडे भट्टी नाहीं. मोठ्या जाड पातेल्यांत चार बोटें वाळू तापवून, तींत तिवई ठेवून, वर भांडें ठेवलें व झांकण घातलें. नानकटाई जशी करतात, तसेंच. ह्या रीतीनें पाऊण तासाहून थोडा अधिक वेळ लागतो. वरच्या अंगास रंग यावा म्हणून अखेरीस तापलेला तवा झांकणाप्रमाणें धरला. उतरविल्यावर पंधरा मिनिटें हात लावूं नये, तरच वडी सुबक कापली जाते.

त्या दिवशीं चौदा अधिक तीन अशीं सतरा माणसें एकाच पंक्तीस बसलीं. अर्थात् दोन भांडीं करावीं लागलीं. नातीनें पहिला घांस घेतला, थांबली, आणि म्हणाली, "आमच्यासारखा नाहीं. पण छान आहे." हें तिचें प्रामाणिक मत होतें, आणि तें कोणास टोंचलें नाहीं. कारण तो तिच्या शाळेंतल्यासारखा नव्हताच. वहिनींनीं घांस घोळवून निर्णय दिला, "हीं तर आपलीं वरणफळेंच, पण कोरडी वाट धरलेलीं." मग त्यांनीं हळूच नातीच्या पानांत चमचाभर साधें वरण वाढलें. तिनें विचारलें, "हीच का ती डाळ?" हो म्हटल्यावर तिनें तें खाल्लें. वरणाची गोडी तिला त्या दिवशीं लागली असें मी म्हणत नाहीं. पण दुसऱ्या दिवसापासून बंद खोलींतली बशी बंद झाली. ती आमच्यांत येऊन बसूं लागली, आणि जें आवडे तें आमच्यांतच बसून खाऊं लागली.

पुष्कळ घरांतलीं मुलें आज परदेशीं आहेत. सुटींत येणाऱ्या नातवंडांच्या जिभेचें वळण निराळें असणारच. त्यांच्यासाठीं निराळें अन्न बाहेरून आणणें सोपें, आणि त्यांनीं आपलेंच खावें म्हणून रागावणें त्याहूनहि सोपें. आमच्या वहिनींनीं दोन्ही सोडून तिसरा मार्ग धरला. आकार पाहुण्याचा ठेवला, आंतलें द्रव्य आपल्या मातीचें घातलें, आणि व्रतनियमांपैकीं एकहि मोडला नाहीं. परत जातांना सूनबाईंनीं सामानांत तीन किलो डाळ बांधून नेली. लेस्टरहून नातीचें पत्र आलें आहे. अक्षर मराठी, ऱ्हस्व-दीर्घ मोठ्या आजीच्या मायेवर सोडलेले. तिनें लिहिलें आहे, कीं शाळेंतल्या मैत्रिणींना तिनें 'नवापूरचा लझान्या' खाऊं घातला, आणि एकीनें विचारलें, नवापूर इटलींत कोठें आहे? मीं तें पत्र वहिनींस वाचून दाखविलें. त्या हंसल्या, आणि पुढच्या श्रावणासाठीं डाळीचा निराळा डबा भरून ठेवला.