चार उसनी चाके

मोटारीला चार चाके असतात, हे आपण सूर्य पूर्वेला उगवतो इतक्या सहजपणे गृहीत धरतो. त्या चाकांची किंमत जाणून घ्यायची असेल, तर वाचकहो, बिनचाकांची मोटार एकदा हलवून पाहावी!

आमच्या वडिलांची फियाट १९६७ सालची. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातला तिचा जन्म. हीच फियाट पुढे १९७२ मध्ये ‘प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ मध्ये ‘पद्मिनी’. आज त्या कारखान्याच्या जागेवर कोहिनूर सिटीचे टोलेजंग इमले उभे आहेत. म्हणजे गाडीला आता माहेर नाही. वडीलही गेले. मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या आवारात चाफ्याखाली गाडी तेवढी राहिली.

निवृत्तीनंतर मी तिची डागडुजी हाती घेतली. पत्रा झाला, शिटा झाल्या, मग पाळी चाकांची आली. रिमा गंजलेल्या, टायर शिळ्या भाकरीसारखे तडकलेले. मिस्त्रींनी चारही चाके उतरवली, गाडी विटांवर चढवली आणि रिमा गंज काढायला पाठवल्या. काम तीन आठवड्यांचे. पाचव्या दिवशी सोसायटीच्या फळ्यावर नोटीस लागली : ‘पुनर्विकासासाठी आवारातील वाहने आठ दिवसांत हलवावीत.’

टोचनवाला आला. खाली वाकून पाहत म्हणाला, “काका, ओढायला खाली काहीतरी फिरायला पाहिजे ना!”

“त्या बाजूच्या अ‍ॅम्बॅसडरची लावा की दोन दिवस,” आमच्या हिने तोडगा सुचवला.

पण चाकांतही सोयरीक जुळावी लागते. अ‍ॅम्बॅसडरचे चाक १५ इंची, आमचे १४. शिवाय रिमची भोके हबशी तंतोतंत जुळली पाहिजेत आणि टायर मडगार्डला घासता कामा नये. तात्पुरत्या चाकाकडून आपली अपेक्षा माफक असते. त्याने हवा धरावी, घट्ट बसावे आणि फिरावे. पण तेवढ्यासाठीसुद्धा पत्रिका जमावी लागते!

कुर्ल्याचे भंगारवाले पालथे घातले. एकाकडे दोन चाके मिळाली; त्यांतले एक वाकडे. पूर्वी ही चाके हवी तेवढी मिळत. पण वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस पद्मिनी टॅक्स्या मुंबईच्या रस्त्यांवरून गेल्या, आणि बहुतेकींबरोबर त्यांची चाकेही भंगारात गेली.

शेवटी मिस्त्रींनीच भांडुपच्या एका निवृत्त टॅक्सीवाल्याचा पत्ता दिला. मूळचे साताऱ्याकडचे गृहस्थ. खोलीबाहेर ताडपत्रीखाली चार चाके नीट रचून ठेवलेली!

“किती द्यायचे?” मी विचारले.

“विकायची न्हाईत, सायेब.”

“मग भाड्याने?”

ते हसले. “गाडी तोडायला दिली, पण चाकं देववली न्हाईत. दोन पोरींची शिक्षणं ह्यांच्यावर झाली. तुमी न्या. काम झालं की आणून द्या.”

नुसती देऊन ते थांबले नाहीत; रविवारी स्वतः पाना घेऊन आले. बोल्ट एकापाठोपाठ एक न आवळता समोरासमोरचे आवळत गेले, म्हणजे चाक तिरपे बसत नाही. विटा निघाल्या. दोराने ओढताना मागच्या गाडीला ब्रेक हवा. आमचा हँडब्रेक धरतो का, हे त्यांनी दोनदा तपासले आणि मगच स्टिअरिंगवर बसले. चाफ्याखालून गाडी हळूच पुढे सरकली, तेव्हा वरच्या गॅलरीतून आई पाहत होती. वडिलांच्या पश्चात गाडी हललेली तिने प्रथमच पाहिली. ती काही बोलली नाही. पदराने चष्मा तेवढा पुसला.

गाडी ठाण्याला भाच्याच्या शेडमध्ये पोहोचली. पुढे महिनाभरात आम्हीही भाड्याच्या जागेत गेलो. घर पुरे होईपर्यंत आमचा संसारही उसन्या चाकांवरच!

रिमा रंगून आल्या, नवे टायर चढले. पन्नास वर्षांपुढच्या मोटारींसाठी २०२१ मध्ये नोंदणीचे वेगळे नियम झाले आहेत; त्यांची कागदपत्रे आता जमवतो आहे. उसनी चाके धुऊन-पुसून, बरोबर पेढे घेऊन, परत करायला गेलो. त्यांनी एकेक चाक हाताने फिरवून पाहिले, ताडपत्रीखाली सारले आणि म्हणाले, “कुनाला लागली तर सांगा. पडून ऱ्हाण्यापरीस फिरलेली बरी.”